फुलपाखरं आणि वन्यजीव राखणाऱ्या संस्थांना खानदेशातून मदत कशी करायची

खानदेशात निसर्गासाठी पैसा मुख्यतः दोनदा बाहेर पडतो. ५ जूनच्या पर्यावरण दिनाला रोपांसाठी, आणि १ ते ७ ऑक्टोबरच्या वन्यजीव सप्ताहात फलक, टोप्या आणि टी-शर्टसाठी. बाकीच्या महिन्यांत रोपवाटिकेतल्या मावशींची मजुरी, सातपुड्यात नोंदी घ्यायला जाणाऱ्या पोरांचं पेट्रोल, चैत्र-वैशाखात पाणवठ्यावर टाकायचा टँकर, हिशोब तपासणाऱ्याची फी यांना दाता मिळत नाही. पिंगळा काय आणि फुलपाखरू काय, टिकतं ते याच कामांवर. मदत करायची असेल तर या न दिसणाऱ्या खर्चाला करा. ती कुणाला करायची, कागद कसे तपासायचे, पैसे कसे द्यायचे आणि पैशांऐवजी काय देता येतं, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

पहिली पायरी : कशासाठी द्यायचं ते ठरवा

‘निसर्गासाठी काहीतरी’ असं मनात धरून निघालं की जो पहिला पावतीपुस्तक पुढे करतो त्याला पैसे जातात. आधी आपल्या भागात काय आहे ते डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला सातपुडा. त्यात १९६९ पासून अभयारण्य असलेलं यावल, शिरपूर तालुक्यातलं अनेर धरणाचं अभयारण्य, आणि पश्चिमेला तोरणमाळ-तळोद्याची जंगलं. दक्षिणेला चाळीसगावच्या अंगाला गौताळा औट्रमघाट. पूर्वेला मुक्ताईनगरचा वढोदा वनपट्टा, जिथे वाघाचा वावर आहे. भुसावळजवळ हतनूरचा जलाशय आणि तिथले हिवाळी पाहुणे पक्षी. आणि या सगळ्याच्या मध्ये तापी, गिरणा, पांझरेच्या काठची शेती आणि धुळे-साक्री-शिंदखेड्याकडची माळरानं.

वनपिंगळ्याचं उदाहरण घ्या. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंदच नव्हती, तो संपला असंच मानलं जात होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या तिघांनी तो शोधला. पुढे मेळघाटात आणि इतरत्रही तो आढळला, आणि २०१८ मध्ये धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा धोका एका पायरीने कमी झाला. पण त्याला घरटं करायला ढोली असलेली जुनी, जाड झाडं लागतात. नवं रोप लावून त्याची सोय चाळीस-पन्नास वर्षं तरी होत नाही. म्हणून पिंगळ्यासाठी पैसे द्यायचे तर उभं झाड राखणाऱ्या कामाला द्यायला हवेत : गावकऱ्यांबरोबर वणवा आवरणं, जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढणं, तोड थांबवणं, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना जंगलाचा आराखडा करायला मदत करणं.

फुलपाखरांचं गणित वेगळं आहे. त्यांच्यातली बरीचशी अभयारण्याबाहेर, शेताच्या बांधावर आणि गावकुसाला जगतात. प्रत्येक जातीची अळी ठरावीक झाडांचाच पाला खाते. रुईवर प्लेन टायगर, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, लिंबू आणि बेलावर लाइम बटरफ्लाय, कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन. वाघाटीच्या वेलावर पायोनियर आणि ग्रेट ऑरेंज टिप, कण्हेरीवर कॉमन क्रो. काळ्या रानात कपाशीच्या ओळींत उगवणाऱ्या किडामारीवर आणि ईश्वरीच्या वेलावर कॉमन रोज आणि क्रिमसन रोज वाढतात. मजूर मिळत नाहीत म्हणून बांधावर तणनाशक मारलं की किडामारी, टाकळा, रुई एका फेरीत जातात, आणि त्यांच्यावरची अंडी-अळ्याही. फुलझाडं कितीही लावली तरी ही भर निघत नाही, कारण फुलातला रस मोठ्या फुलपाखरांचं खाणं आहे, पिल्लांचं नाही.

आता ठरवा : जंगल, माळरान, पाणथळ, की बांध आणि गाव. एका वर्षी एकच निवडा. पैसा पाच ठिकाणी शंभर-शंभर वाटला तर कुठेच काही उभं राहत नाही.

दुसरी पायरी : संस्थेचे कागद

महाराष्ट्रातली बहुतेक संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडे नोंदलेली असते. त्यामुळे तिच्याकडे दोन क्रमांक असतात. विश्वस्त नोंदणीचा क्रमांक सोसायटीसाठी ‘एफ’ अक्षराने सुरू होतो, इतर धर्मादाय न्यासासाठी ‘ई’ने. दोन्ही क्रमांक मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नाव घालून पाहा. काही संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या, नफा न वाटणाऱ्या कंपन्या असतात, त्यांची नोंद कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे मिळते.

पाहायचं ते हे. संस्था अजून चालू आहे का? विश्वस्तांची जी नावं तुम्हाला सांगितली तीच दप्तरी आहेत का? विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षं दिलेला नसेल तर खात्यावर सही कुणाची चालते इथपासून भांडणं होतात, आणि तुमचा पैसा त्यात अडकून पडतो. खानदेशातल्या लहान संस्थांमध्ये हे हमखास दिसतं. त्यामागे बहुतेक वेळा लबाडी नसते, आळस असतो. पण कागद नीट होईपर्यंत मोठी रक्कम देऊ नका.

नोंदणी नसलेला गट चौकात डबा घेऊन फिरत असेल तर त्याला १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम ४१-क खाली वर्गणीची परवानगी लागते. गणेश मंडळांना लागते तीच ही. परवानगीचा कागद दाखवा म्हणावं.

नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक किंवा एखादं आयएसओ प्रमाणपत्र दाखवून पुष्कळजण छाप पाडतात. दर्पण ही फक्त नोंदवही आहे. तिथे नाव असणं म्हणजे काम चांगलं असल्याचा दाखला नव्हे. खरा उपयोगाचा कागद आयकर खात्याचा. संस्थेला १२-एबी खालची (संस्थेच्या स्वतःच्या करमाफीची) नोंदणी आणि ८०-जी ची (दात्याला करसवलत देणारी) मान्यता आहे का, तिची मुदत कधीपर्यंत आहे, हे आयकर पोर्टलवर पाहता येतं. या मान्यता मुदतीच्या असतात, म्हणून पाच वर्षांपूर्वीच्या झेरॉक्सवर विसंबू नका. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्यावर कलमांचे आकडे बदलले, पण लोक अजून ‘८०-जी’च म्हणतात.

तिसरी पायरी : हिशोब वाचा

विश्वस्त संस्थेचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि तपासलेला हिशोब धर्मादाय कार्यालयात जातो. त्यात अनुसूची आठचा ताळेबंद आणि अनुसूची नऊचं उत्पन्न-खर्च पत्रक असतं. संस्थेकडे गेल्या तीन वर्षांची ही दोन पानं मागा. देण्यास नकार मिळाला तर तिथेच थांबा.

पानं हातात आली की पगार-मानधन, प्रवास, छपाई आणि कार्यक्रम या चार ओळी काढा. छपाई-कार्यक्रमावरचा खर्च प्रवास आणि मानधनापेक्षा जास्त असेल तर ती संस्था बहुतेक समारंभ करते. उलट पगार मोठा दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नका. जंगलात वर्षभर फिरणारा माणूस फुकट फिरत नाही, आणि पगार न देणाऱ्या संस्थेत पोरं दोन पावसाळे टिकतात, मग पुण्याला नोकरीला जातात. ‘आमचा शंभर टक्के पैसा थेट प्राण्यांसाठी’ असं सांगणाऱ्याला विचारा, हिशोब कोण लिहितो आणि गाडीत पेट्रोल कोण टाकतं.

आणखी एक खूण. मुदत ठेव वाढत चालली आणि कामाचा खर्च तेवढाच राहिला, तर देणगी कशासाठी मागता ते विचारा. आणीबाणीसाठी वर्षभराच्या खर्चाएवढी शिल्लक ठेवणं शहाणपणाचं आहे. त्याच्या कितीतरी पट असेल तर तुमच्या पाचशे रुपयांची त्यांना गरज नाही.

चौथी पायरी : काम जागेवर पाहा

ही पायरी वेळखाऊ आहे आणि सगळ्यात महत्त्वाचीही.

झाडं लावणाऱ्या संस्थेला लावलेल्या रोपांचा आकडा विचारू नका. तीन पावसाळ्यांनंतर किती जगली ते विचारा, आणि तीन वर्षांपूर्वीची जागा पाहायला जा. जून-जुलैत सगळंच हिरवं दिसतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये जा. ४५ अंशांत जे उभं आहे तेच काम. कोणती झाडं लावली तेही पाहा. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, गुलमोहर यांच्या रांगा दिसल्या तर ती सावलीची सोय आहे, वन्यजीवांची नाही.

माळरानावर खड्डे खणून झाडं लावणाऱ्याला तर मुळीच पैसे देऊ नका. माळ ओसाड नसतो. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांना उघडं गवतच लागतं. इव्हनिंग ब्राउन, बुशब्राउन आणि रिंग या फुलपाखरांच्या अळ्या गवत खातात. सरळ रेषेत खड्डे, त्यात रोप, भोवती ट्री-गार्ड असं करून तो अधिवास मोडतो. वर त्यातली बहुतेक रोपं पाण्यावाचून जातात. माळ राखायचा म्हणजे चराई आळीपाळीने, आग आटोक्यात, आणि बाभूळ-घाणेरीची अति वाढ काढणं. यासाठी पैसे मागणारी संस्था भेटली तर ती जपून ठेवा.

पाणवठ्याचं काम पाहताना टाकीच्या आत हात घाला. कडा उभ्या आणि गुळगुळीत असतील तर सरडे, खारी, पक्ष्यांची पिल्लं आत पडून मरतात. एक बाजू उतरती हवी, किंवा आत दगडांचा चढ हवा. पाणी फेब्रुवारीत सुरू केलं तर पाऊस लागेपर्यंत तोडायचं नाही, कारण जनावरं त्या जागेच्या भरवशावर राहतात. एप्रिलमध्ये पैसे संपले म्हणून टँकर बंद झाला तर सुरू न केलेलं बरं. आठवड्याला टाकी घासणं, विष किंवा फासे लावले नाहीत ना हे पाहणं, हाही त्याच कामाचा भाग. वनहद्दीत हे सगळं वनखात्याच्या परवानगीनेच होतं, आणि ते पत्र संस्थेकडे असायला हवं.

‘फुलपाखरू उद्यान’ म्हणून पैसे मागितले तर बागेत उभं राहून पानं पाहा. कुरतडलेली पानं, पानाखाली अंडी, कोषाची रिकामी साल दिसली तर उद्यान जिवंत आहे. सगळी पानं चकचकीत आणि अखंड असतील तर तिथे एकतर औषध मारतात किंवा अळीचं झाडच नाही. घाणेरी आणि ड्युरांटाच्या ताटव्यावर दुपारी फुलपाखरं दिसतात, फोटोही छान येतो, पण ती बाहेरून येऊन जातात. घाणेरीचं बी तर पाखरांमार्फत जंगलात जाऊन पसरतं.

साप किंवा जखमी प्राणी सोडवणाऱ्या गटांबद्दल एकच सांगतो : गळ्यात साप घालून फोटो टाकणाऱ्याला मदत करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पकडलेला प्राणी वनखात्याला कळवून, नोंद करून सोडायचा असतो. चांगल्या गटाकडे ती नोंदवही असते. तुम्हाला स्वतःला जखमी प्राणी दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा. लग्न-वाढदिवसाला डब्यातून फुलपाखरं सोडणारे असतील, तर त्याला संवर्धन म्हणू नये. बंद डब्यातून आलेली बरीचशी आधीच अशक्त असतात, आणि परक्या ठिकाणची रोगराई इथल्यांना लागते.

पाचवी पायरी : पैसे कसे द्यायचे

रोख देऊ नका. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाहीच, शिवाय मागही राहत नाही. यूपीआयचा क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर कुणाचं नाव येतं ते थांबून वाचा. संस्थेचं नाव यायला हवं. अध्यक्षांचं, खजिनदाराचं किंवा त्यांच्या दुकानाचं नाव आलं तर पैसे पाठवू नका, मग माणूस कितीही ओळखीचा असो. ओळखीत हीच गफलत होते, आणि ती निस्तरायला पुढे तोंड उघडता येत नाही.

एकदम सहा हजार देण्यापेक्षा दरमहा पाचशे द्या. बँकेत स्थायी सूचना घालून ठेवली की विसरायचा प्रश्न येत नाही. संस्थेच्या बाजूने पाहिलं तर असे वीस दाते म्हणजे महिन्याला दहा हजारांची खात्री, आणि तेवढ्या खात्रीवर गावातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला अर्धवेळ कामावर ठेवता येतं. देताना ‘अमुक कामालाच’ अशी अट शक्यतो घालू नका. अट घातलेला पैसा दुसरीकडे वापरता येत नाही, आणि वीजबिलाला अट घालून कुणीच पैसे देत नाही. अट घालायचीच असेल तर ‘रोपवाटिकेची मजुरी’ किंवा ‘सर्वेक्षणाचा प्रवास’ अशी घाला.

पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव, पॅन, नोंदणी क्रमांक, ८०-जी मान्यतेचा क्रमांक, तुमचं नाव आणि तुमचा पॅन हवा. पॅन चुकला तर संस्थेच्या विवरणात तुमची देणगी दिसत नाही आणि सवलत अडते. नुसती पावती आता पुरत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत संस्थेने आयकर खात्याकडे दात्यांचं विवरण भरून तुम्हाला प्रमाणपत्र द्यायचं असतं, जे १०-बीई या नावाने माहीत आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते मागून घ्या.

सवलत किती याबद्दल गैरसमज फार आहेत. अशा संस्थांना दिलेल्या रकमेच्या साधारण निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत, आणि फक्त जुनी करपद्धत निवडली असेल तर. ६,००० दिले, तर ३,००० वजा. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासकट ६२४ रुपये वाचतात. नवीन करपद्धतीत काहीच मिळत नाही. वस्तूंच्या रूपात दिलेल्या मदतीलाही नाही. ‘सगळे पैसे करात परत मिळतात’ असं सांगणारा एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला तसं समजतो.

परदेशातल्या नातेवाइकांना द्यायचं असेल तर त्यांचं नागरिकत्व पाहा. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस आपल्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलं त्यांचा पैसा, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, विदेशी ठरतो. तो घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) खालची नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं लागतं. लहान संस्थेकडे हे बहुधा नसतं. भिडेखातर तिला अडचणीत आणू नका. जळगाव-धुळ्याच्या कारखान्यांत कामाला असाल तर कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीबद्दल विचारा. प्राणी-वनस्पतींचं संरक्षण त्या यादीत बसतं, पण संस्थेने सीएसआर-१ नमुना भरलेला हवा.

खानदेशात मनासारखी संस्था नाहीच सापडली, तर १८८३ पासून चालू असलेल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं सभासदत्व घ्या. वर्षभरात जवळचं काम नजरेत आलं की तिकडे वळा.

सहावी पायरी : रोपं वाढवून द्या

पैसे नसतील, अंगण असेल, तर ही मदत लाखमोलाची आहे. बाजारातल्या रोपवाटिकेतून आणलेल्या लिंबू-कढीपत्त्यावर अनेकदा झाडाच्या अंगात भिनणारं कीटकनाशक मारलेलं असतं. पानं धुऊन ते जात नाही, आणि अशा रोपावरच्या अळ्या काळ्या पडून मरतात. म्हणून संस्थांना घरी, औषधाशिवाय वाढवलेली रोपं हवी असतात. तुमच्या संस्थेला आधी विचारा, नाहीतर सगळे मिळून नुसता बहावा आणून देतात.

साठ रोपांचा बेत असा : बहावा १५, कढीपत्ता १५, बेल १०, ईश्वरी १०, लिंबू ५, वाघाटी ५. बी याच्या दुप्पट पेरा. पिशव्या पाच बाय आठ इंचाच्या, तळाशी भोकं पाडलेल्या. साठ पिशव्यांना पाच-सहा घमेली मिश्रण लागतं : एक भाग माती, एक भाग नदीची वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. नुसती काळी माती भरू नका. ती पावसात चिकट होऊन मुळं गुदमरतात आणि उन्हात आकसून फुटताना बारीक मुळ्या तोडते.

बेल आणि बहावा आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) पेरायला घ्या. बेलाचं बी गरातून काढून चिकटा जाईपर्यंत धुवा आणि लगेच पेरा. बहाव्याच्या बियांचं कवच कडक असतं. पाण्याला उकळी आणा, आचेवरून उतरवा, त्यात बी टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी फुगलेलं बी पेरा, न फुगलेल्यावर पुन्हा तेच करा. कढीपत्त्याची काळी पिकलेली फळं पावसाळ्यात मिळतात. गर चोळून काढा आणि त्याच दिवशी पेरा. वाळवून डबीत ठेवलेलं बी काही आठवड्यांत मरतं, आणि लोक ‘आमच्याकडे कढीपत्ता उगवतच नाही’ म्हणतात ते यामुळे. ईश्वरीचं बोंड पिकलं की खालून वर उकलतं आणि पंखासारखी पातळ बी वाऱ्याने जाते, म्हणून बोंड पिवळं पडताच त्याला मलमलीचा तुकडा बांधा.

सहा-आठ आठवड्यांनी प्रत्येक पिशवी उचलून जागा बदला. नाहीतर मूळ भोकातून जमिनीत शिरतं, आणि द्यायच्या वेळी उपटलं की रोप बसतं. उन्हाळ्यात निम्मी सावली देणारी हिरवी जाळी हवी. यंदा पेरलेलं रोप यंदाच देऊ नका. पुढच्या वर्षी दोन-तीन दमदार पाऊस झाले की द्या. वर्षभर उन्हाळा सोसलेलं दीड-दोन फुटांचं रोप जगतं, चार पानांचं जगत नाही. आणि पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर पुसू नका, ती लाइम बटरफ्लायची कोवळी अळी आहे.

रुईला रोपवाटिका लागत नाही. भावकीला आणि शेजारच्या वावरवाल्यांना बांधाची एक कड फवाऱ्यातून सोडायला पटवलंत, तर ती संस्थेला केलेली मोठीच मदत. तिथे किडामारीही आपोआप टिकते.

सातवी पायरी : नोंदी देऊन मदत

संस्थेला वनखात्यापुढे किंवा ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीपुढे बोलायचं तर आकडे लागतात. ते जमवायला माणसं कमी पडतात. ब्रिटनमध्ये १९७६ पासून स्वयंसेवक ठरावीक वाटेवर चालून फुलपाखरं मोजत आले आहेत, आणि तीच रीत इथेही चालते. पाचशे मीटर ते एक किलोमीटरची वाट ठरवा. शेत, ओढा, झाडोरा असे तिचे तुकडे पाडा. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर, एवढ्याच चौकटीत दिसणारी फुलपाखरं मोजायची. मागे वळून मोजायचं नाही, तेच फुलपाखरू पुन्हा येतं. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला त्याच वाटेने, त्याच वेगाने. ऑगस्ट ते नोव्हेंबर हे खानदेशातले भरघोस महिने. पावसाची उघडीप बघून सकाळी नऊ ते साडेअकरा योग्य. ऊन, ढग, वारा आणि शेजारच्या वावरात फवारणी झाली होती का, हेही लिहा.

चुका ओळखण्यात होतात. प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी दोघीही केशरी आणि काळ्या टोकाच्या. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला तसे नसतात. कॉमन रोज आणि त्याची नक्कल करणारी कॉमन मॉरमॉनची मादी यांत अंगाकडे पाहा : कॉमन रोजचं अंग लाल, मॉरमॉनचं काळं. पंख मिटलेला आणि उघडलेला, दोन्ही फोटो घ्या, जागा आणि तारीख लिहून संस्थेकडे द्या आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरही चढवा. दर सप्टेंबरात देशभर बिग बटरफ्लाय मंथ होतो, नव्याने सुरुवात करायला तो महिना सोयीचा. शून्य दिसली तर शून्य लिहा. कोरी ओळ आणि शून्य यांत फार फरक आहे.

अभयारण्यात नोंदी घ्यायला परवानगी लागते, आणि फुलपाखरू पकडायचं तर कुठेही वनखात्याला विचारल्याशिवाय जाळं लावू नका. संरक्षित जातींच्या याद्या वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने बदलल्या आहेत आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याच लागू आहेत.

दरवर्षी एकदा

ऑक्टोबरात, तपासलेला हिशोब तयार झाल्यावर, संस्थेला दोन प्रश्न विचारा : गेल्या वर्षी ठरवलेलं कोणतं काम झालं नाही, आणि का? सगळं झालं असं उत्तर आलं तर खोलात जा. पाऊस लांबला, रोपं गेली, परवानगी अडली असं खरं कारण सांगणाऱ्या संस्थेवर भरवसा वाढवा. हिशोब दडवले जात असतील, पैसा भलतीकडे जात असेल, तर आपल्या जिल्ह्याचं काम पाहणाऱ्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडे लेखी अर्ज करा. सोबत पावत्या आणि बँकेचा उतारा जोडा.

आणि मासिक मदत बंद करायची वेळ आली तर दोन महिने आधी कळवा. मे-जूनच्या तोंडावर एकाएकी थांबू नका. खड्डे, रोपांची ने-आण आणि टँकर, तिन्हींची मजुरी त्याच दिवसांत द्यायची असते.